भारतात न मिळणारं औषध वहिनींपर्यंत कसं पोचलं

गेल्या वर्षभरात ओळखीच्यांच्या ओळखीने बरेच फोन आले. प्रश्न एकच: "तुमच्या वहिनींना बाहेरचं औषध मिळालं म्हणे, कुणाकडून आणलंत?" फोनवर सगळं सांगून होत नाही, आणि ऐकणारं माणूस आधीच इतकं थकलेलं असतं की निम्मं त्याच्या ध्यानात राहत नाही. म्हणून तारखेवार लिहून काढतोय. औषधाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव वाचलं की लोक डॉक्टरांना न विचारता शोधाशोध सुरू करतात, आणि प्रत्येकाचा आजार वेगळा असतो. वाट मात्र बऱ्याच औषधांना हीच आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. जून २०१८ मध्ये शाळा सुरू झाल्या त्याच आठवड्यात वर्गात चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन सहाच्या खाली. एंडोस्कोपीत जठराच्या भिंतीत गाठ दिसली आणि तपासणीत निघालं 'जिस्ट', म्हणजे जठर-आतड्यांच्या भिंतीत वाढणारा एक दुर्मिळ कॅन्सर. पोटाचा नेहमीचा कॅन्सर वेगळा आणि हा वेगळा. याच्यावर नेहमीची केमो चालत नाही, सगळा भार गोळ्यांवर.

ऑपरेशन कोल्हापुरातच झालं. मग इमॅटिनिबची रोज एक गोळी, तीन वर्षं. हे औषध जिस्टसाठी २००२ पासून वापरात आहे. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्याचं पेटंट नाकारलं, म्हणून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात टिकल्या आणि आमचं काम महिना काही हजारांत भागलं. त्या निकालाचं मोल आम्हाला दर महिन्याला मेडिकलच्या बिलावर दिसायचं.

२०२१ च्या जूनमध्ये गोळी थांबली, डिसेंबरात यकृतात गाठी आल्या. पुन्हा इमॅटिनिब. २०२२ च्या शेवटी सुनिटिनिब, सप्टेंबर २०२३ पासून रेगोराफेनिब. या तिसऱ्या औषधाने तळहात-तळपायांची सालं निघायची. वहिनींना खडू धरवेना, तर बोटांना कापडी पट्टी गुंडाळून फळ्यावर लिहायच्या.

१२ फेब्रुवारी २०२४ चा सीटी स्कॅन वाईट आला. आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "भारतात मिळणारी तिन्ही औषधं वापरून झाली. चौथं आहे, बाहेरच्या देशात मंजूर आहे, आपल्याकडे नाही." दादाने विचारलं, "परवडेल का?" डॉक्टर म्हणाले, "किंमत नंतर. आधी मिळतंय का ते बघू."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. या औषधाने आजार बरा होत नाही. चाचणीत, म्हणजे रुग्णांवर औषध तपासून बघणाऱ्या अभ्यासात, औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांत साधारण सहा महिने आजार थोपला, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या गटात जेमतेम महिना. गाठी लहान झाल्या त्या दहातल्या एखाद्याच्या. वहिनी शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनीच विचारलं, "म्हणजे मिळालं तर सहा महिने, असं धरू?" डॉक्टर म्हणाले, "तेवढं धरा. जास्त मिळाले तर चांगलंच." हा आकडा आधीच विचारून घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो. पुढे पैशाचा, रजेचा, कर्जाचा प्रत्येक निर्णय त्याच्यावर घेता येतो. आमचे शेजारी जमीन विका म्हणून मागे लागले होते, आणि त्या आकड्यामुळेच वहिनींनी त्याला ठाम नकार दिला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी वेदनाशामक उपचारांच्या विभागाची चिठ्ठीही दिली. दादाला ते लागलं, त्याला वाटलं डॉक्टरांनी हात टेकले. तसं नव्हतं. औषधाची वाट बघण्यात तीन महिने गेले, त्या काळात वहिनी झोपू शकल्या त्या या विभागाने सुरू केलेल्या गोळ्यांमुळे.

डॉक्टरांनी तीन कामं एकदम सुरू करायला सांगितली: वहिनींना घेतील अशी चालू औषधचाचणी शोधणं, औषध बनवणाऱ्या कंपनीला लिहिणं आणि आयातीच्या परवान्याची कागदं जमवणं. एक संपलं की दुसरं, असं करत बसलो असतो तर पावसाळा उजाडला असता.

चाचण्या शोधायला सीटीआरआय ही सरकारी नोंदवही आहे. भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद तिथे करणं जून २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती कुणालाही मोफत बघता येते. मी पाटबंधारे खात्यात लिपिक आहे, वैद्यकीय इंग्रजी मला येत नाही. पण आजाराचं नाव टाकलं की यादी येते आणि प्रत्येक नोंदीत कोण चालेल, कोण चालणार नाही हे लिहिलेलं असतं. 'भरती चालू' असं लिहिलेल्याच नोंदी मी डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी एकीवर बोट ठेवलं, मुंबईला चिठ्ठी दिली.

फेब्रुवारीच्या शेवटी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने आम्ही दादरला उतरलो आणि परळला टाटाला गेलो. राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. तिथल्या माणसांनी एकमेकांना जी माहिती दिली ती कुठल्या कागदावर नव्हती.

सोबत काय न्यायचं ते सांगतो. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा मेणातला ठोकळा, ज्याला लॅबवाले ब्लॉक म्हणतात, तो तुमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. लेखी अर्ज देऊन, सही करून मागून घ्या. आम्हाला २०१८ चा ब्लॉक मिळाला, त्यामुळे जनुकीय तपासणी करता आली. तिला चाळीस हजार रुपये लागले आणि रिपोर्टला तीन आठवडे. त्याशिवाय प्रत्येक सीटीची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट नको.

चाचणीत वहिनी बसल्या नाहीत. ती एकच औषध घेतलेल्यांसाठी होती, यांची तीन झालेली. मन खट्टू झालं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंना विनंती केली की हे केसपेपरवर लिहून द्या. त्यांनी दोन ओळी लिहिल्या: रुग्णासाठी योग्य अशी चालू चाचणी नाही, उपलब्ध उपचार संपलेले आहेत. या दोन ओळी पुढे कंपनीनेही मागितल्या आणि रुग्णालयाच्या समितीनेही. तुम्हाला कुठे नकार मिळाला तर तो लेखी घ्या. चाचणीबाहेर औषध देताना पहिला प्रश्न हाच असतो की चाचणीतून का नाही.

कंपनीला मी १ मार्चला ईमेल केला. तीन दिवसांत उत्तर आलं: रुग्णाची किंवा नातेवाइकांची विनंती आम्ही घेत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अर्ज करावा. हे सगळीकडे असंच असतं. नातेवाइकाने फक्त एवढं शोधायचं की कंपनीच्या संकेतस्थळावर चाचणीबाहेर औषध देण्याच्या सोयीचं पान कुठे आहे. अजून मंजूर न झालेल्या, गंभीर आजारांवरच्या औषधांसाठी असं धोरण जाहीर करणं अमेरिकेत २०१६ च्या एका कायद्याने कंपन्यांना बंधनकारक केलंय. तिथे डॉक्टरांनी कुठे लिहायचं तेही दिलेलं असतं. मी ते पान छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांना असा अर्ज भरायला वेळ कुठून येणार? म्हणून आजाराचा तारखेवार गोषवारा मी करून दिला. कुठलं औषध, कधीपासून कधीपर्यंत, किती मात्रा, का बंद केलं, त्या वेळचा स्कॅन काय म्हणतो. एका पानात बसवला. डॉक्टरांनी तो दुरुस्त केला आणि ११ मार्चला रात्री दवाखाना संपल्यावर अर्ज पाठवला. कंपनीने पुढे ईसीजी, इको, रक्तदाबाच्या नोंदी आणि महिन्याच्या आतले रक्ताचे रिपोर्ट मागितले.

याच दिवसांत नात्यातल्या एकाने अमेरिकेहून निरोप धाडला की तिथे 'राइट टू ट्राय' नावाचा कायदा आहे, त्याखाली औषध मागा. कायदा खरा आहे, ३० मे २०१८ ला त्यावर सही झाली. पण तो तिथल्या उपचारांसाठी आहे, आणि औषध द्यायलाच पाहिजे अशी सक्ती तो कंपनीवर करत नाही. तिथल्या औषध प्रशासनाचा एकट्या रुग्णासाठीचा ३९२६ नंबरचा फॉर्मही तिथल्याच डॉक्टरांनी भरायचा असतो. हे कळेपर्यंत दादा दोन रात्री मोबाइल घेऊन जागा होता.

आता आपल्याकडचा कायदा. दोन दारं आहेत आणि कुठलं आपलं हे उपचार कुठे चाललेत त्यावर ठरतं. रुग्ण सरकारी रुग्णालयात असेल तर तिथला वैद्यकीय अधिकारी २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्या नियमांखाली सीटी-२४ हा अर्ज करतो आणि सीटी-२५ हा परवाना मिळतो. औषध ज्या देशातलं आहे तिथे मंजूर असावं लागतं आणि आजार जिवावरचा, कायमचं गंभीर अपंगत्व आणणारा किंवा पुरेसा उपचार उपलब्ध नसलेला असावा लागतो. औषध अजून मंजूर नाही पण त्याची चाचणी भारतात चालू आहे, अशा वेळी थोड्या प्रमाणात ते बनवून घेण्यासाठी सीटी-२६ असा वेगळा अर्ज आहे. त्यालाही सरकारी रुग्णालयच लागतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांना हे नंबर सांगून विचारायला हरकत नाही.

आमचा दवाखाना खासगी, म्हणून आमचं दार दुसरं: १९४५ च्या औषध नियमांतला ३६ वा नियम, रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी आयात. अर्ज फॉर्म १२-ए, परवाना फॉर्म १२-बी. कुणी स्वतः सामानातून औषध आणलं तर शंभर सरासरी मात्रांची मर्यादा आहे. कुरिअरने यायचं असेल तर हा परवाना आधी हातात पाहिजे. अर्ज केंद्रीय औषध नियंत्रकांच्या 'सुगम' पोर्टलवर होतो आणि परवाना रुग्णाच्या नावाने निघतो.

कंपनीचा होकार २ एप्रिलला आला. औषध मोफत देणार, वाहतूक त्यांची, सीमाशुल्क आणि पुढचं सगळं आमचं. दादाने मला मोटारसायकलवरून उतरूही दिलं नाही, गेटवरच मिठी मारली. मी दुसऱ्या दिवशी १२-ए भरला. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, औषधाचं मूळ नाव, रोजची मात्रा, किती दिवस आणि एकूण किती गोळ्या हे सगळं पाहिजे. नुसतं 'रोज एकदा' चालत नाही. आधार, रिपोर्ट आणि कंपनीचं पत्र जोडलं.

१२ एप्रिलला औषध नियंत्रकांकडून शंका आली: आधारवर वहिनींचं माहेरचं नाव, रिपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोडून सोमवारी उत्तर दिलं. आपल्याकडे निम्म्या बायकांच्या कागदांवर दोन नावं असतात. आजारपण सुरू झालं की लगेच आधी हे एक करून घ्या.

तेव्हा निवडणुकीचे दिवस होते. ७ मे ला कोल्हापूरचं मतदान, मला प्रशिक्षणाची नेमणूक. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन पोर्टल उघडायचं, अर्ज अजून 'प्रक्रियेत' दिसायचा, पुन्हा आत जायचं. वहिनींचं पोट तोवर उजवीकडे फुगलं होतं, जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. वाट बघण्याचा त्रास काय असतो ते मला त्या आठवड्यांत कळलं. कागद दिल्लीत आणि गाठ इथे वाढतेय, आणि दोन्हीवर आपला हात नाही.

मधल्या वेळेत दवाखान्याच्या नैतिकता समितीची परवानगी झाली. डॉक्टरांनी कंपनीशी करार केला, त्यात गंभीर दुष्परिणाम दिसला तर चोवीस तासांत कळवायची अट होती. आणि संमतीपत्र आलं, सव्वीस पानी, इंग्रजीत. डॉक्टर म्हणाले, वहिनींना कळेल अशा मराठीत समजावल्याशिवाय मी सही घेणार नाही. आम्ही दोघांनी बसून मराठी मजकूर तयार केला आणि एका रविवारी दुपारी मी तो मागच्या पडवीत वहिनींना वाचून दाखवला.

त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. चौथ्या पानावर म्हणाल्या, "थांबा भाऊजी, हे परत वाचा." वाक्य होतं: या औषधाने आपल्याला कोणताही फायदा होणार नाही अशी शक्यता आहे. मी परत वाचलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातला पेन घेतला आणि त्या ओळीखाली रेघ मारली. "ह्यांना हे दाखवा. मला समजलंय, ह्यांना समजायला पाहिजे." दादाला ते पान मी त्या रात्री दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "सही करू दे तिला."

परवाना २६ एप्रिलला आला. पान एकच. ते कंपनीला पाठवल्यावर औषध निघालं आणि मुंबईत विमानतळावर अडकलं. औषधाच्या पार्सलला सीमाशुल्कवाल्यांबरोबर तिथल्या औषध नियंत्रक कार्यालयाचीही हरकत नसल्याची नोंद लागते. आम्ही पार्सल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट धरला, त्याने बारा हजार घेतले. औषध मोफत असलं तरी पार्सलवर किंमत लिहावी लागते आणि शुल्क त्या किमतीवर बसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते एक लाख एकोणीस हजार झालं. दादाच्या पतसंस्थेतून उचललं. तुमच्यावर ही वेळ आली तर कंपनीला औषध निघण्याआधीच विचारा की बिलावर किती किंमत लिहिणार, म्हणजे पैशाची तयारी ठेवता येते. आपलं औषध सवलतीच्या यादीत आहे का तेही बघा. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क माफ झालं, १ फेब्रुवारी २०२५ ला आणखी ३६ जीवनरक्षक औषधांवरचं मूळ शुल्क गेलं. यादी बदलत राहते.

या अडकलेल्या दिवसांतच एक माणूस भेटला. अशाच गोळ्या चार दिवसांत आणून देतो म्हणाला, बिलाशिवाय, रोख. डबीचा फोटो दाखवला, त्यावर बॅच नंबर खरवडलेला होता. दादाचं मन डळमळलं. मी डॉक्टरांना फोन लावून त्याच्या कानाला दिला. डॉक्टर म्हणाले, "त्यात काय आहे मला माहीत नाही, मग दुष्परिणाम झाला तर मी कशावर उपचार करू?" विषय तिथेच संपला. बिल नाही, बॅच नंबर नाही, तर ती गोळी माणसाच्या तोंडात घालू नका, कितीही घाई असली तरी.

१४ मे ला पार्सल दवाखान्यात पोचलं. घरी नाही, दवाखान्यात, कारण प्रत्येक डबीचा हिशेब डॉक्टरांना ठेवायचा असतो. पांढऱ्या डब्या, आत ओलावा शोषणारी पुडी, ती काढायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी पहिली मात्रा घेतली. महिन्याभरात केस गेले, रक्तदाब वाढला, त्यावर गोळी सुरू झाली. पण तळहात आधीपेक्षा बरे राहिले. पोटाचा फुगारा जूनमध्ये उतरायला लागला. जुलैच्या स्कॅनमध्ये गाठी जेवढ्या होत्या तेवढ्याच. वहिनी शाळेत रुजू झाल्या आणि पहिली सत्र परीक्षा त्यांनी स्वतः घेतली.

दुसऱ्या खेपेची तयारी मी जूनमध्येच सुरू केली. परवाना ठरावीक गोळ्यांचा असतो. नवं प्रिस्क्रिप्शन, नवा १२-ए, कंपनीला नवा स्कॅन, सगळं परत. डबीत दीड महिन्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच अर्ज गेला पाहिजे, कारण मध्ये खंड पडून चालत नाही. दुसऱ्या वेळी शंका आली नाही आणि परवाना लवकर निघाला.

फेब्रुवारी २०२५ च्या स्कॅनमध्ये गाठी पुन्हा वाढल्या. सहा धरले होते, नऊ महिने मिळाले. डॉक्टरांनी औषध थांबवलं. वहिनी घरी आहेत, वेदनाशामक विभागाच्या नर्सबाई आठवड्याला येऊन जातात, दुपारी गल्लीतली दोन-तीन पोरं पाढे म्हणायला येतात.

उरलेल्या दोन डब्या परत करायच्या होत्या. इचलकरंजीहून एक गृहस्थ आले, त्यांच्या मुलाला हाच आजार, आणि डब्या मागत होते. द्यायची इच्छा सगळ्यांचीच होती, पण परवाना एका नावाचा, हिशेब डॉक्टरांच्या सहीचा, आणि त्यांच्या मुलाचा ईसीजीसुद्धा झालेला नव्हता. डब्या दवाखान्यात जमा केल्या, पावती घेतली. वहिनींनी मला त्यांच्यासाठी आमच्या फाइलची झेरॉक्स काढायला सांगितली, नाव-पत्ता खोडून, कागद ज्या क्रमाने लागले त्या क्रमाने लावून. सगळ्यात वर टाटाच्या केसपेपरवरच्या त्या दोन ओळी, मग आजाराचा एक पानी गोषवारा, मग १२-ए. त्यांच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात कंपनीला अर्ज पाठवला. अशीच एक प्रत आमच्या डॉक्टरांच्या ओपीडीत ठेवली आहे, लागेल त्याने मागून घ्यावी.